जनाज्याच्या खाटेचा सांधा

“शेळ्या गेल्या आणि लेंड्या तेवढ्या आमच्यासाठी मागे ठेवल्या. झाडायचं म्हणजे कमरेत वाकावं लागतं. वाकायचं कुणी?”

बांबूच्या तट्ट्याआड म्हातारी म्बाह सोइनेम पुटपुटत होती. पुटपुटणं असं, की ऐकणाऱ्याला तट्ट्याला कान लावायचे कष्ट पडू नयेत. तिची सून पार्तिनी त्या वेळी गोठ्यात कमरेत वाकूनच झाडत होती. सासूचं बोलणं आणि कोंबडीचं उकरणं, दोन्ही आपापल्या वेळेला थांबतं, एवढं तिला इतक्या वर्षांत कळलं होतं.

शेळ्या विकल्या होत्या त्या वेल्डिंगच्या मशीनसाठी. कालव्याला यंदा पाणी सुटणार नव्हतं. भाताचं दुसरं पीक गेलं, म्हणजे लावणी गेली, म्हणजे पार्तिनीची मजुरीही गेली. खालच्या बाजारगावचा एकुलता वेल्डर सुराबाया शहरात निघून गेला होता, आणि फाटकं, पिंजरे, मोटरसायकलींची कॅरिअरं मोडायची थांबली नव्हती. घरात तर जहाजं जोडून आलेला माणूस बसलेला. मग शेळ्या कशाला ठेवायच्या?

पार्तिनीचा नवरा जुमिंगान मलेशियात, जोहोरच्या गोदीत, जहाजं जोडायचा हे वस्तीतल्या शेंबड्या पोरांनासुद्धा पाठ होतं. पाठ करून घेणारी म्बाह सोइनेमच. “माझ्या लेकानं जोडलेली जहाजं समुद्रात आहेत,” ती विहिरीवर म्हणायची आणि दुसऱ्या बायकांच्या लेकांकडे असं बघायची, की ते जणू डबक्यात आहेत. पार्तिनीही तेच सांगत आली होती, जरा हळू आवाजात.

फोनवर तो म्हणायचा, “कामावर आहे, मग बोलतो,” आणि मागे ताटं आपटत असायची. एकदा कुणीतरी ओरडलेलंही स्पष्ट ऐकू आलं, “अरे, कांदा कुठाय?” जहाजाला कांदा कशाला लागतो, असं पार्तिनीनं विचारलं नाही. पैसे येत होते. छपरावर कौलं चढली होती. कौलांखाली बसून असले प्रश्न विचारायचे नसतात.

तो परत आला तेव्हा प्रवासानं त्याच्या अंगात वारा शिरला होता. म्हातारीनं त्याला चटईवर पालथं घातलं, तेल चोपडलं आणि वारा निघावा म्हणून नाण्याच्या कडेनं लाल पट्टे उठेपर्यंत त्याची पाठ ओढली. मग खांदे, मग दंड, मग मनगटं. सुनेला जवळ येऊ दिलं नाही. “माझ्या लेकाच्या अंगाला तुझे खरखरीत हात नकोत,” म्हणाली. आणि त्या दिवसापासून जहाजांच्या गोष्टी ती आणखी मोठ्यानं सांगू लागली.

बाजारगावात कोह लिओंगचं हत्यारांचं दुकान होतं. काचेच्या कपाटात मशीनं मांडलेली, लाल, निळी, पिवळी. जुमिंगान त्यांच्यासमोर लग्नाच्या मांडवात नवरदेवाचा मामा उभा राहतो तसा उभा राहिला.

“घराचा मीटर केवढा आहे, पाक?” कोहनं विचारलं. मोठ्या माणसाला आमच्याकडे ‘पाक’ म्हणतात.

“सगळ्यांचा असतो तेवढा.”

“नऊशे वॉटचा,” पार्तिनी म्हणाली.

“आणि काम कशावर? पातळ पत्रा, पाईप, की जाड अँगल?”

“लोखंड ते लोखंड. तिकडं आम्ही मनगटाएवढ्या जाड पत्र्यावर काम करायचो.”

“अस्सं,” कोह म्हणाला. खोटी नोट उजेडात धरून बघतानाही तो असाच ‘अस्सं’ म्हणत असणार. त्यानं खालच्या खणातून एक लहान निळं मशीन काढलं. चपलांच्या खोक्याएवढं, खांद्याला अडकवायला पट्टा. “हे बघा. कमी विजेवर चालतं, करंट बारीक करता येतो. नवशिक्याला फार बरं.”

“नवशिक्या कोण आहे इथं?”

कोहनं वर छताच्या पंख्याकडे पाहिलं. “माझा पुतण्या आहे,” तो म्हणाला. “त्याच्याविषयी बोलत होतो.”

जुमिंगाननं मोठं लाल मशीन घेतलं. तोंडावर धरायची काळी काच घेतली नाही. जोहोरहून आणलेला गॉगल होता त्याच्याकडे.

मशीन आलं त्या संध्याकाळी गोठ्यापुढे माणसं जमली. गिरणीवाले पाक मार्तोयो स्वतःची खुर्ची घेऊन आले. त्यांच्या देहाला दुसऱ्याची खुर्ची पुरत नसे, आणि दुसऱ्याचं काही आपल्याला पुरतं असं त्यांना वाटतही नसे. वस्तीतला निम्मा भात त्यांच्या गिरणीत सडला जाई आणि वस्तीतली सगळी माणसं त्यांच्या तोंडात.

जुमिंगाननं गॉगल चढवला, होल्डरमध्ये रॉड बसवला, अर्थिंगचा चिमटा जुन्या फाळाला लावला आणि रॉड टेकवला. टक्. घरातले दिवे गेले. मीटरचा खटका खाली पडला होता.

“कुकर!” म्हातारी ओसरीवरून कडाडली. “जहाजं जोडणाऱ्याच्या घरात ही बया वीज भातावर घालवते!”

पार्तिनीनं कुकर काढला, खटका वर केला. टक्. पाण्याचा पंप काढला. टक्. पंखा काढला, टीव्ही काढला, फोनचा चार्जरसुद्धा काढला. सगळं घर निपचित पडलं, फक्त लाल मशीन घूं घूं करत बसलं. रॉड टेकला की टक्.

“जहाजाला बहुतेक मीटर नसतो,” पाक मार्तोयो म्हणाले आणि पोट हलवत हसले.

बाकी कुणी हसलं नाही. आमच्याकडे माणसाच्या तोंडावर हसत नाहीत. घरी जाऊन जेवताना हसतात. “वीजच कमजोर झालीय हल्ली,” शेजारचा म्हणाला. “आमच्याकडे पण दिवे मिणमिणतात,” दुसरा म्हणाला. आणि एकेक करून सगळे सभ्यपणे घरी हसायला गेले.

दुसऱ्या दिवशी पार्तिनी भाजीच्या टेम्पोत बसून लाल मशीन परत घेऊन गेली. कोहनं निळं मशीन गल्ल्याशेजारी आधीच काढून ठेवलं होतं.

“पुतण्यासाठी,” पार्तिनी म्हणाली.

“पुतण्यासाठीच,” कोह म्हणाला. त्याचा चेहरा ढिम्म. “त्याला मी सांगत असतो. रॉड बारीक घ्यायचा आणि कोरडा ठेवायचा. चिमटा लावायचा तिथला रंग, गंज खरवडून लोखंड उघडं करायचं. पायाखाली कोरडी फळी, पायात कोरडे बूट. काच तोंडावर धरल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. आधी भंगारावर गिरवायचं. आणि वजन पेलायची वस्तू पहिलं वर्षभर हातात घ्यायची नाही. पुतण्या तरुण आहे हो, त्याला घाई असते.”

पार्तिनीनं काळी काच घेतली आणि कातडी हातमोजेही. घरी आल्यावर हे सगळं नवऱ्याला सरळ सांगणं म्हणजे त्याच्या कानफटात मारणं. म्हणून ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “कोहचा पुतण्या म्हणे पायाखाली फळी घेतो.”

“घेत असेल,” जुमिंगान म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं गव्हाणीची फळी उखडून पायाखाली घेतली. गोठ्याची जमीन शेळ्यांच्या मुतानं अजून ओली होती.

असा तो पुतण्या त्यांच्या घरात राहायला आला. पुतण्या रॉड उन्हात वाळवतो. पुतण्या करंट आधी कमी ठेवतो, मग वाढवतो. पुतण्या रॉड चिकटला तर ओढत बसत नाही, मनगटानं झटका देऊन मोडतो. जुमिंगानचा रॉड मात्र चिकटला की तो दाव्याला हिसके देणाऱ्या बोकडासारखा ओढायचा, मग फाळासकट सगळं वर यायचं. काच तो धरायचा नाही. काच धरली की त्याला काही दिसायचं नाही, आणि न दिसता ठिणगी कुठे पाडायची? शेवटी गॉगलच. दुसऱ्या सकाळी डोळे सुजून लाल. वाळू भरल्यागत पाणी गळतंय. पार्तिनीनं बटाट्याच्या चकत्या कापून पापण्यांवर ठेवल्या.

“काम करणाऱ्याचे डोळे आहेत ते,” म्हातारी आल्यागेल्याला सांगत होती. “काही बायकांचे डोळे टीव्हीनं जातात.”

त्यानंतर तो काच धरायला शिकला. पंधरवडाभर गोठ्यातून चर्र, चर्र आणि शिव्या ऐकू येत राहिल्या. एक कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झालं. दिसायला ओबडधोबड, पण कोंबड्यांनी तक्रार केली नाही. एका दुपारी जेवण उशिरा होत होतं म्हणून जुमिंगान चुलीपाशी बसला आणि कांदे कापू लागला. सुरी अशी चालली की तिचं पातं दिसेना. कांदा केसासारखा बारीक, एकसारखा. पार्तिनी बघत राहिली. ती बघतेय हे त्याच्या लक्षात आलं, तशी त्यानं सुरी मंद केली आणि मुद्दाम चार जाड तुकडे केले.

तिला त्याचा राग आला. इतका देखणा हात आहे, आणि मेल्याला लपवायचाय.

शुक्रवारच्या नमाजानंतर पाक मार्तोयो मशिदीच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाले, “जनाज्याच्या खाटेचा दांडा कधीचा लुळा झालाय. गेल्या वेळेला एका म्हातारीला नेताना तिचे नातू खालून जात होते आणि वर करकर वाजत होतं. द्या की आपल्या जहाजवाल्याकडे. बुडली नाही म्हणजे मिळवलं.”

मशिदीचे मोदिन, जे आमच्याकडे मयताचं सगळं बघतात, त्यांनी जुमिंगानकडे पाहिलं. जुमिंगाननं वहाणांकडे पाहिलं. मशिदीचं काम; त्याचा मोबदला नसतो आणि त्याला नकारही नसतो. आणि नकाराला कारण काय सांगणार?

“देतो करून,” तो म्हणाला.

“वजन पेलायची वस्तू आहे ती,” पार्तिनी घरी म्हणाली. “पुतण्या तर—”

“पुतण्या गेला खड्ड्यात.”

खाट गोठ्यात आली. चार खांद्यांवर न्यायची, पाईपची, चारी कोपऱ्यांना दांडे. पाईप पोकळ आणि जस्त चढवलेला. करंट वाढवला की पाईपला भोक पडायचं, कमी केला की धातू वरच्यावर गोळा व्हायचा. भोक बुजवायला तो रॉडचे तुकडे आत कोंबायचा, मग शेजारी नवं भोक. जस्ताचा पांढरा धूर गोठ्यात कोंडून राहिला. संध्याकाळी जुमिंगानला थंडी भरली. दात वाजायला लागले, तोंडाला गोडसर, लोखंडी चव.

म्हातारी नाणं आणि तेल घेऊन आली. पुन्हा पालथा, पुन्हा पाठ, पुन्हा दंड आणि मनगटं. बोटांच्या बेचक्यांपर्यंत आली तेव्हा तिचा हात जरा थांबला. पार्तिनी दारात गरम पाणी घेऊन उभी होती. सासूनं वर पाहिलं आणि म्हणाली, “बघत काय उभी राहिलीस? पाणी गार कर उभं राहून.”

सकाळी पार्तिनी एकटी गोठ्यात गेली. सांध्यावर धातूचे ठिपके बसले होते. खाटेवर कोंबडी रात्रभर बसली असती तर असंच दिसलं असतं. तिनं नखानं एक ठिपका उचकटून पाहिला. निघाला नाही, पण हललाच नाही असंही म्हणवेना.

“धरेल?” तिनं विचारलं.

“जहाजं धरली,” जुमिंगान म्हणाला. डोळ्याला डोळा दिला नाही.

तिनं हिरव्या रंगाचा डबा आणला आणि सांधा रंगवला. जरा जास्तच. सुकल्यावर आणखी एक हात दिला. ब्रश चालवताना तिला नवऱ्याची कीव आली नाही, तिरस्कारच आला; पण हात त्याचंच झाकत होता.

खाट मशिदीत गेली. सगळ्यांनी वाकून पाहिली. “सुरेख रंग,” वस्तीप्रमुख म्हणाले. “हिरवा शोभतो,” मोदिन म्हणाले. सांध्याविषयी कुणी अक्षर काढलं नाही. वजन ठेवून बघू असं म्हणणं म्हणजे तुला येत नाही असं म्हणणं. वाळूची चार पोती टाकली असती तरी काम झालं असतं. पण ती पोती उचलून आणणार कोण, आणि जुमिंगानच्या देखत टाकणार कोण? जिवंत माणूस तर त्या खाटेवर हातही टेकत नाही. तेव्हा खाट तिच्या हिरव्या कापडाखाली ठेवून दिली गेली, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या तब्येतीवर सगळ्यांचं जरा बारीक लक्ष राहू लागलं. मागच्या गल्लीतला खोकणारा म्हातारा चिपाडासारखा वाळलेला होता. तोच पहिला जावा, असं मनात सगळ्यांनी ठरवलं होतं.

गेले पाक मार्तोयो. गिरणीच्या पट्ट्याशेजारी, हातात चहा, नोकराला शिवी देता देता.

अंगणात ताडपत्री लागली. बायका एका बाजूला सुपांमध्ये फुलं, पिवळा तांदूळ आणि सुटी नाणी मिसळत होत्या, वाटेवर उधळायला. म्बाह सोइनेम त्यांच्यात काठी घेऊन बसली होती. पलीकडे पुरुष खाटेभोवती घुटमळत होते.

“रस्ता खराब आहे कालव्यापाशी,” वस्तीप्रमुख म्हणाले. “टेम्पोनं नेलं तर?”

“टेम्पोची क्लच प्लेट गेलीय,” कुणीतरी म्हणालं.

“मग बांबूची करू या का? जुन्या पद्धतीची. पाक मार्तोयोंना जुनं फार आवडायचं.”

पाक मार्तोयोंना जुनं काहीही आवडत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा मोठा मुलगा पुढे आला. बापाचंच पोट, बापाचाच आवाज. “मशिदीची खाट असताना माझा बाप बांबूवर? का? खाटेत काही खोट आहे?”

सगळे जमिनीकडे बघू लागले. एकानं घसा खाकरला.

“खोट नाही,” मोदिन म्हणाले. “खोट कसली?”

मयत ठेवलं गेलं. कफनात बांधल्यावर माणूस जरा लहान दिसतो म्हणतात. पाक मार्तोयो दिसत नव्हते. जुमिंगान गर्दीतून पुढे आला आणि त्यानं तोच कोपरा धरला. एक हात दांड्याला, दुसरा पंजा खालून सांध्याला. कुणी त्याला अडवलं नाही. त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. पार्तिनीला वाटलं, या माणसानं आयुष्यात काही घट्ट धरलं असेल तर हेच.

“बिस्मिल्ला,” मोदिन म्हणाले. खाट खांद्यांवर गेली.

आवाज बारीक होता, सुकी शेंग तडकावी तसा. पार्तिनीनं हिरव्या रंगावर केसाएवढी काळी रेघ उठलेली पाहिली. ती जागा तिनंच दोनदा रंगवली होती.

“उन्हानं लोखंड तडकतंच,” एक जण म्हणाला.

“वारा पण सुटलाय,” दुसरा म्हणाला. पान हलत नव्हतं.

“घरातल्या पोरांनी या आता,” मोदिन घाईनं म्हणाले. “खालून जाऊन घ्या.”

खांद्यावर उचललेल्या मयताखालून मुला-नातवंडांनी तीनदा जायचं, म्हणजे जाणाऱ्याची ओढ सुटते. पाक मार्तोयोंची नातवंडं उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली. सर्वांत पुढे पिवळ्या झग्यातली धाकटी नात, खाली काय, वर काय, काही न कळता हसणारी. खाटेखालच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नजरा वळवल्या. जुमिंगाननं पंजा सांध्याखाली आणखी घट्ट दाबला. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पार्तिनी उठून उभी राहिली. तोंड उघडलं. आत शब्द होते, इतक्या वर्षांचे, आणि ते एकमेकांना धक्के देत दारातच अडकले. एवढी सभ्य माणसं जमली होती, की त्या पोरीला मरू दिलं असतं.

पिवळा झगा खाली वाकला.

“ए!”

सूप उलटं झालं. नाणी आणि तांदूळ अंगणभर पसरले. म्बाह सोइनेम काठी न घेताच चालत आली, तिनं पोरीला झग्याच्या मागच्या बंदानं धरून बाहेर ओढलं आणि आपल्या परकराशी दाबून ठेवलं. मग लेकाकडे न बघता, खाट धरणाऱ्या पुरुषांकडे एकेक करून बघत बोलली. विहिरीवर बोलायची त्याच आवाजात.

“खाली ठेवा ते. हळू. मी याच्या अंगावर दोन वेळा नाणं ओढलंय. पाठीवर, दंडावर, मनगटावर. ठिणगीचा डाग नाही एक. बोटांच्या बेचक्या तेवढ्या साबणाच्या पाण्यानं खाऊन पांढऱ्या पडल्यात. भांडी घासलीत माझ्या पोरानं तिकडं, भांडी. त्याला लोखंड जोडता येत नाही.”